आई ओर्का, मी घोडामासा

दिल्लीला समुद्र नाही, ही या शहराची फार मोठी जमेची बाजू आहे, हे मला गेल्या हिवाळ्यात कळलं.

त्याआधी मीही इतरांसारखाच हळहळत असे. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समधला मराठी माणूस आठवड्यातून एकदा तरी "इथे सगळं आहे हो, फक्त समुद्र नाही!" असा सुस्कारा टाकतोच. (टाकणाऱ्यांतले निम्मे विदर्भातले असतात. मी स्वतः नाशिकचा. पण बदली होऊन दिल्लीला आलं की प्रत्येकाला आपण दर्यावर्दी असल्यासारखं वाटायला लागतं.)

तर गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. आमची इरा चौथीत आहे. एका संध्याकाळी जेवताना ती ताटाकडे बघत म्हणाली, "बाबा, मी हात वर केला."

"कशाला?"

"प्रेझेंटेशनला. समुद्रातले दोन एकदम डिफरंट प्राणी घ्यायचे आणि कम्पेअर करायचं. स्टेजवर. मी सी-हॉर्स आणि ओर्का घेतले."

मी आणि माझी बायको मृणाल एकमेकांकडे बघत राहिलो. कारण आदल्या वर्षी या मुलीला शाळेत माइकवर एक वाक्य बोलायचं होतं आणि ते तोंडातून बाहेरच पडलं नव्हतं. माइक हातात, डोळे भरलेले, आणि सगळा हॉल वाट बघतोय. तेव्हापासून वर्गात बोलायची पाळी आली की तिच्या पोटात दुखायचं. आणि आता तिनं स्वतःहून हात वर केला होता!

"आणि मॅम म्हणाल्या, फॅमिली पण ॲक्टिंग करू शकते," इरानं पुस्ती जोडली.

"अरे वा! मी तयार!" मी भाकरी हवेत नाचवली. ओर्काचं चित्र मी पाहिलं होतं. काळाभोर, पांढरे ठिपके, पाठीवर तलवारीसारखा पर, ट्रकएवढा देह. म्हटलं, बापाला साजेसा रोल आहे. "मी ओर्का होतो."

"नाही. ओर्का आजी आहे."

माझ्या आईनं घास खाली ठेवला. "कोण आहे मी?"

"किलर व्हेल," मी मदत केली. (मदत करायची ही सवय मला आयुष्यभर नडत आली आहे.)

"बघ! इतक्या वर्षांत सुनेनं कधी म्हटलं नाही, ते नातीनं म्हटलं!"

मृणालला एकाएकी ठसका लागला.

"आजी, टेन्शन नको घेऊस यार," इरा म्हणाली. "ती व्हेल नसतेच. डॉल्फिनच्या फॅमिलीतली असते. आणि त्यांच्या ग्रुपमध्ये जी सगळ्यात म्हातारी आजी असते ना, तीच लीडर. मासे कुठे मिळतील ते फक्त तिला माहीत असतं. ती पुढे आणि सगळे तिच्या मागे."

आईनं पदर सावरला. "बरं. पुढे?"

"मुलगे कितीही मोठे झाले तरी आईजवळच राहतात. आई आपला मासा तोडून त्यांना देते."

"देणारच. आईच ती." माझ्या ताटात लगेच आणखी भाजी पडली. "आणि सुना?"

"सुना घरी येतच नाहीत. मुलगे दुसऱ्या ग्रुपमधल्या ओर्काला भेटायला जातात आणि परत आईकडे येतात."

"किती छान पद्धत आहे!" आई आणि मृणाल एका सुरात म्हणाल्या. लग्नापासून त्या दोघींचं एकमत मी प्रथमच ऐकत होतो.

"मग मी कोण?" मी विचारलं.

"तुम्ही सी-हॉर्स. छोटा असतो. पोहता पण येत नाही नीट. आणि बाबा, त्यांच्यात ना, आई अंडी देते आणि बाबांच्या पोटावरच्या पिशवीत ठेवून देते. मग बाबाच प्रेग्नंट होतात."

मृणालच्या चेहऱ्यावर एक स्मित उमटलं. इराच्या जन्माच्या वेळी सगळे पेढे मला भरवत होते, तेव्हापासून ते स्मित बहुधा तिनं राखून ठेवलं होतं.

"आणि त्यात आई काय करते, इरा?" तिनं मधाळ आवाजात विचारलं.

"रोज सकाळी येऊन हॅलो म्हणते, थोडा डान्स करते आणि जाते."

"मी करीन हं डान्स, विनय," मृणाल म्हणाली. "तू फक्त स्वतःची काळजी घे."

"घोडामासा म्हणतात आपल्याकडे त्याला," आई समाधानानं म्हणाली. आता तिला सगळं पटलं होतं. "दे, होऊ दे त्याला घोडामासा."

पोशाखांची जबाबदारी मृणालनं घेतली. ओर्कासाठी काळं आणि पांढरं जाड कापड हवं होतं, आणि तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं की ब्लँकेटं पानिपतला स्वस्त मिळतात.

"पानिपतला?" आई दचकली. "आपल्या माणसांनी तिकडे जाऊन आजवर काय मिळवलं?"

"यावेळी दोन ब्लँकेटं मिळतील, आई."

मिळाली. (पानिपतावरून मराठी माणूस विजयी होऊन परतल्याचं बहुधा हे पहिलंच उदाहरण!) त्या ब्लँकेटांची आणि दोन उशांची मिळून अशी काही ओर्का तयार झाली, की खालच्या मजल्यावरच्या खुराना आंटींनी गॅलरीत वाळत घातलेली बघून "हाय रब्बा!" म्हणत आपली मांजर घरात घेतली. माझ्या वाट्याला हळदी रंगाचा पातळ स्पंज आला. वर लांबुडक्या नाकाचं मुंडकं, आणि खाली गुडघ्यापासून दोन्ही पाय एकत्र शिवून केलेली शेपटी. त्यात चालता येत नसे. उड्या मारता येत. छोट्या.

पोटावरची पिशवी मात्र मृणालच्या कलेचा कळस होती. जुना उशीचा अभ्रा, त्याला खालून एक नाडी. नाडी ओढली की तळ उघडून पिल्लं बाहेर. आणि पिल्लं म्हणजे हळदीच्या पाण्यात रंगवून वाळवलेली वाकडी मॅकरोनी. थेट घोडामाशाचीच बाळं वाटत. इरानं प्रत्येकीला पेनानं डोळ्यांचे ठिपके काढले. चार दिवस घरात तेच चाललं होतं, आणि ठिपके काढता काढता ती आपली वाक्यं मोठ्यानं म्हणत होती. न अडखळता. मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐकायचो. त्या मुलीसाठी मी घोडामासाच काय, गांडूळही झालो असतो.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. म्हणजे नीट उजाडला नाही. धुरकं इतकं दाट होतं की समोरची बिल्डिंग दिसेना, आणि जुन्या डिझेल गाड्या रस्त्यावर आणायच्या नाहीत असा हुकूम आलेला. आमची गाडी जुनी, आणि डिझेल!

"कपडे शाळेत जाऊन घालू," मी सुचवलं.

"शेपटी अंगावरच शिवावी लागते," मृणाल सुईत दोरा ओवत म्हणाली. "आणि शाळेत बदलायला जागा नाही. उभा राहा सरळ."

मग आम्ही रिक्षा शोधायला खाली आलो. पहिला रिक्षावाला आईकडे बघून न थांबता गेला. दुसरा थांबला, त्यानं सगळ्यांना नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "मैडम, सवारी बिठाता हूँ, माल नहीं." तिसऱ्यात इरा, मृणाल आणि ओर्काचं डोकं एवढंच मावलं. ओर्का बाहेर राहिली. शेवटी एका बॅटरी रिक्षावाल्यानं दया केली आणि आम्हाला सरोजिनी नगरच्या मेट्रो स्टेशनपर्यंत सोडलं. पानिपतच्या ब्लँकेटात आई उबदार बसली होती. मी मागच्या दांड्याला धरून उभा, पातळ स्पंजात कुडकुडत होतो.

"ओर्काच्या अंगावर चरबी असते, म्हणून तिला बर्फातही थंडी वाजत नाही," इरानं माहिती दिली.

"आणि घोडामाशाला?" मी दात वाजवत विचारलं.

"तो गरम पाण्यात राहतो, बाबा. तुम्ही चुकीच्या जागी आहात."

चुकीच्या जागी आहोत हे मला सुरक्षा तपासणीच्या रांगेत फारच पटलं. बायकांच्या बाजूला आई पडद्याआड गेली आणि क्षणात बाहेर आली. तिथल्या शिपाईबाईंनी तिला "अम्माजी, बहुत सुंदर लग रही हो" म्हणून सोडलं होतं. पुरुषांच्या रांगेत मी उडी मारत पुढे सरकलो. जवानानं यंत्र माझ्या अंगावरून फिरवलं. ते पोटाशी येताच किंचाळलं. (मृणालच्या सेफ्टी पिना!)

"पेट में क्या है?"

मी तोंड उघडायच्या आत पलीकडून इरा म्हणाली, "बच्चे हैं, अंकल."

जवानानं माझ्याकडे पाहिलं. मग इराकडे. "किसके?"

"इनके."

"मेरे भी हैं," मृणाल शांतपणे म्हणाली. "बस, कॅरी ये कर रहे हैं."

मागच्या रांगेत सकाळी सकाळी बाजार करून निघालेल्या बायकांनी पिशव्या खाली ठेवल्या.

"खोलकर दिखाइए," जवान म्हणाला. माणूस बिचारा सौजन्यानं बोलत होता. त्याचं कामच होतं ते.

"भैया, खुल गया तो बंद नहीं होगा," मी काकुळतीला आलो. "एक ही बार निकलते हैं."

"क्या निकलते हैं?"

"बच्चे!"

या उत्तरानं त्याचा संशय कमी झाला नाही. त्यानं बोटाच्या टोकानं, अगदी हलकेच, नाडी ओढली.

आणि मी बाळंत झालो! खळ्ळकन् सगळी पिलावळ फरशीवर. काही बॅगा तपासायच्या यंत्राच्या पट्ट्यावरून थेट आत गेली आणि पलीकडून एक्स-रे काढून बाहेर आली. मागून कुणीतरी ओरडलं, "बधाई हो भाई साहब!" आणि टाळ्या पडल्या. जवानाचा चेहरा पडला. "सॉरी सर," म्हणत तो स्वतः गुडघ्यांवर बसून वेचायला लागला. पण तेवढ्यात खालून मेट्रोचा आवाज आला, आणि दिल्लीचा माणूस एकवेळ लग्न सोडेल पण मेट्रो सोडणार नाही. सगळी रांग माझ्या पोरांवरून धावत गेली. कराकरा आवाज झाला. उरलं ते हळदीचं पीठ.

मी हसत होतो. मग इराकडे पाहिलं आणि हसू विरलं. तिचा तोच चेहरा झाला होता. आदल्या वर्षीचा.

"अब नहीं होगा मुझसे," ती पुटपुटली. रडू आलं की ती हिंदीत जाते. "घर चलो. पेट दुख रहा है."

मृणाल तिच्याजवळ बसली. मी बसू शकत नव्हतो. (शेपटी!) नुसता उभ्या उभ्या वाकून "इरा, बाळा" म्हणत राहिलो. तेव्हा रांगेत मागे राहिलेल्या, जाड स्वेटर घातलेल्या एक बाई पुढे आल्या. त्यांच्या हातात भाजीबाजारातल्या पिशव्या होत्या. त्यांनी त्यातली एक इरापुढे धरली.

"बेटा, राजमा चलेगा? शेप तो बिल्कुल यही है."

इरानं एक दाणा उचलून बघितला. नाक ओढलं. "कलर तो ज़्यादा अच्छा है," ती म्हणाली.

"ले जा. हमारे यहाँ आज छोले बन जाएँगे."

नाडी पुन्हा बांधली गेली, मला नव्यानं दिवस गेले, आणि आम्ही गाडीत चढलो. डब्यात एका कॉलेजातल्या मुलीनं उठून मला जागा दिली. "आप बैठिए, इस हालत में खड़े मत रहिए." मी बसू शकत नाही हे सांगण्यापेक्षा सोपं म्हणून मी खांबाला शेपटी अडकवून उभा राहिलो. आई ज्येष्ठांच्या राखीव जागेवर दोघांची जागा अडवून बसली आणि शेजारच्या आजोबांना सुना नसलेल्या कळपाचे फायदे समजावत राहिली.

शाळेत आमचा नंबर लगेचच लागला. पडदा सरकला. एका बाजूला आई, पर ताठ, डुलतेय. दुसऱ्या बाजूला मी, उड्या मारतोय. मधे इरा. हॉल गच्च. तिनं माइक तोंडाशी धरला.

आणि काहीच नाही.

विंगेतून मृणाल ओठ हलवून पहिलं वाक्य सांगत होती. पहिल्या रांगेतल्या मॅडम "यस इरा, यस" करत होत्या. कुणीतरी खोकलं. मला राहवलं नाही. म्हटलं, जवळ जाऊन हळूच सांगावं. मी तिच्या दिशेनं उडी मारली. एरवीपेक्षा मोठी. हवेत असताना मी पुढे वाकलो, मुंडक्याचं लांबुडकं नाक नाडीत अडकलं, आणि मी खाली येण्यापूर्वी राजमा खाली आला.

गुळगुळीत लाकडी स्टेजवर कोरडा राजमा कधी सांडून बघितला आहेत? बघू नका. बांधलेले पाय घेऊन त्यावर उतरू तर अजिबात नका. मी इराच्या शेजारून, मॅडमच्या समोरून, सूत्रसंचालकाच्या टेबलाला वळसा घालून स्टेजच्या दुसऱ्या टोकाकडे निघालो. वाटेत हाताला लागेल ते पकडत होतो. पडदा लागला, सुटला. फुलदाणी लागली, ती माझ्याबरोबर आली. शेवटी लागला तो ओर्काचा पर. आईनं पानिपतचं सगळं वजन खाली रोवलं. ती जागची हलली नाही. पर मात्र उपटून माझ्या हातात आला, आणि मी तिच्या पायाशी धाडकन आडवा झालो.

"विनू! शेपूट आवर मेल्या!" आईचा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

आणि माइकमधून एक खुदकन आवाज आला. मग दुसरा. इरा हसत होती.

"सी-हॉर्स," ती म्हणाली, "बहुत ही खराब तैराक होता है."

हॉल फुटला! ती थांबली, लोकांचं हसू ओसरू दिलं आणि पुढे म्हणाली, "ज़रा सी लहर आए तो बह जाता है. इसलिए किसी मज़बूत चीज़ को पकड़कर रहता है. जैसे अभी मेरे पापा ने मेरी दादी को पकड़ा है."

टाळ्या. मी उठायला गेलो. "उठू नका बाबा," ती माइक बाजूला करून कुजबुजली, "मस्त दिसतंय." मी पडून राहिलो.

मग ती बोलतच सुटली. ओर्का एवढी मोठी, तरी एकटी राहत नाही. घोडामासा एवढासा, पण बाळांना पोटात तोच सांभाळतो, आणि ती बाहेर पडली की आपापल्या वाटेनं जातात, ("देखिए, जा रहे हैं," म्हणत तिनं स्टेजवरून घरंगळणाऱ्या राजम्याकडे बोट दाखवलं.) तर ओर्काची मुलं कधीच घर सोडत नाहीत. कुणाचं बरोबर? "दोनों का," ती म्हणाली. "समुंदर बड़ा है."

आणि शेवटी, पाठांतरात कुठेही नसलेलं एक वाक्य: "हर ओर्का परिवार की अपनी अलग बोली होती है, जो बड़ों से सीखते हैं. मेरी दादी की बोली आपने अभी सुनी. उसका मतलब है, अपनी पूँछ सँभालो."

घोडामाशाचे दोन डोळे म्हणे एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांना बघू शकतात. मला ते डोळे तेव्हा फार हवे होते. एकानं इराला बघितलं असतं, आणि दुसऱ्यानं विंगेत उभ्या असलेल्या मृणालला. ती दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होती की हसत होती, हे मुंडकं तिरकं झाल्यामुळे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पाठीखाली राजमा रुतत होता. मला फक्त इराचा आवाज ऐकू येत होता. एकदाही अडखळला नाही.

बक्षीस ओर्काला मिळालं. "उत्कृष्ट अभिनय, आजी." आईनं ते स्वीकारताना तुटलेला पर हातात उंच धरला होता.

मला मिळाली ती पाठीत उसण. तीन दिवसांनी ऑफिसला गेलो, तेव्हा कुणीतरी घेतलेला व्हिडिओ आमच्या सेक्शनमध्ये माझ्याआधी पोचला होता. आमचे चौबेजी म्हणजे सेवा-नियमांचा चालताबोलता ग्रंथ. माझा तीन दिवसांच्या रजेचा अर्ज त्यांनी चष्मा सारून दोनदा वाचला.

"सर, मेडिकल लीव क्यों माँग रहे हैं? पितृत्व अवकाश माँगिए! पर एक दिक्कत है." त्यांचा चेहरा कमालीचा गंभीर होता. "वो मिलता है दो से कम जीवित संतान वालों को. आपके केस में तो..." ते पुढे झुकले. "राजमा टोटल कितना था?"

सगळा सेक्शन टाइप करायचा थांबून माझ्याकडे बघायला लागला. केंद्र सरकारच्या नोकरीत माझी इतकी वर्षं झाली, अशा वेळी खडसावणारं काहीतरी बोलून ताठ मानेनं निघून जावं एवढी अक्कल मला नक्की आहे. पण मान त्या दिवशी वळतच नव्हती आणि खुर्चीतून उठायला दोन माणसं लागत होती, म्हणून मी चौबेजींनाच म्हटलं, "वो बाद में. पहले ज़रा हाथ दीजिए."